दावा फसण्याची जागा

२०१२ साली आलेल्या 'रेड लाइट्स' या थरारपटात एक प्रसंग आहे. सभागृह खच्चून भरलेलं, मंचावर दिव्यशक्तीचा दावा करणारा एक बुवा. गर्दीतल्या एकेकाला तो नावानिशी हाक मारतो, त्याचं दुखणं सांगतो आणि माणसं ढसाढसा रडायला लागतात. सगळ्यांचे डोळे मंचाकडे असताना तपास करणारी मंडळी मात्र रेडिओलहरी धुंडाळत बसलेली असतात. त्यांना एक आवाज सापडतो. बुवाच्या कानात कुणीतरी नावं आणि आजार वाचून दाखवत असतं.

दिग्दर्शक रॉड्रिगो कोर्तेस स्पॅनिश. सिगर्नी वीव्हर आणि किलियन मर्फी यांनी अतींद्रिय शक्तींचे दावे तपासणाऱ्या विद्यापीठातल्या दोघांची कामं केली आहेत आणि रॉबर्ट डी निरो झालाय अनेक वर्षांनी परतलेला आंधळा 'सिद्धपुरुष'. चित्रपटाचा पूर्वार्ध मला फार आवडतो. उत्तरार्धात त्याने घेतलेलं वळण मला पटत नाही, पण ज्यांना पाहायचाय त्यांच्यासाठी ते इथे फोडत नाही. या लेखाचा विषय चित्रपटाच्या गोष्टीमागचं खरं काम हा आहे. असे दावे तपासतात कसे? आणि आपल्या कोकणात, जिथे आजारपण लांबलं की 'जरा बाहेरचा बघून ये', म्हणजे भुताखेताची किंवा करणीची बाधा आहे का ते 'बघणाऱ्या'ला विचारून ये, असा सल्ला आजही मिळतो, तिथे त्या पद्धतीचा उपयोग काय?

सभागृहातला तो प्रसंग अमेरिकेत खरोखर घडलेला आहे. १९८६ साली पीटर पॉपॉफ नावाचा धर्मोपदेशक हजारोंच्या सभांमध्ये लोकांची नावं, पत्ते, आजार 'देवाने सांगितले' म्हणून घोषित करायचा. जेम्स रँडी हा पेशाने जादूगार. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सभेत रेडिओचं यंत्र लावलं, तर ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफच्या बायकोचा आवाज मिळाला. सभेआधी लोकांकडून प्रार्थनेच्या चिठ्ठ्या भरून घेतल्या जात. त्याच चिठ्ठ्या ती वाचत होती. रँडीने ते ध्वनिमुद्रण टीव्हीवर जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात ऐकवलं. पुढच्याच वर्षी पॉपॉफने दिवाळखोरी जाहीर केली. नंतर तो पुन्हा टीव्हीवर आला आणि 'चमत्कारी पाणी' वाटू लागला. एकदा उघडं पडलेलं माणूस कायमचं संपतं, असं होत नाही.

रँडीने पॉपॉफशी देव आहे की नाही यावर वाद घातला नाही, हे इथे महत्त्वाचं आहे. त्याने एकच गोष्ट शोधली: ही माहिती मंचापर्यंत कुठल्या वाटेने पोचली? माहितीला कुठून तरी यावंच लागतं. ती वाट सापडली की पुढचं आपोआप उलगडतं.

बघणाऱ्याच्या पडवीत

आता आपल्याकडे येऊ. समजा, कुडाळ-मालवणकडच्या एका वाडीतली बाई कुणा बघणाऱ्याकडे गेली. नवरा सहा महिने अंथरुणाला खिळलाय, मुंबईच्या डॉक्टरांचे पैसे झालेत, गुण नाही. संवाद साधारण असा होतो.

"तुमच्या मागल्या दारी एक जुना झाड आसा."

"होय महाराज, फणस आसा."

"घरच्या जमनीवरून कोणाचा तरी मन दुखावलेला आसा."

"आसा हो, धाकट्या दिराचा."

"मूळ पुरुषाचा काय तरी करूचा ऱ्हवला हा."

बाईच्या डोळ्यांत पाणी. घरी येऊन ती सांगते, त्याने न सांगता सगळं ओळखलं.

आता एकेक वाक्य हातात घेऊन बघा. कोकणात मागल्या दारी जुनं झाड नाही असं घर किती? आंबा, फणस, वड, पिंपळ, काही ना काही असतंच. जमिनीचा वाद म्हणाल तर आपल्या सातबाऱ्यावर चुलत-चुलत भावंडांची इतकी नावं असतात, निम्मी माणसं मुंबईला आणि वाटणी कुणाच्या आज्यापासून रखडलेली. मन दुखावलेला एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात असतोच. मूळ पुरुषाचं, कुळाचाराचं, एखाद्या नवसाचं काही तरी राहून गेलेलं असणार, कारण चाकरमान्यांच्या घरात चार पिढ्यांचे सगळे विधी वेळच्या वेळी कोण करतं? शिवाय 'फणस' हा शब्द बघणाऱ्याने उच्चारलाच नव्हता, 'दीर'ही नव्हता. दोन्ही बाईनेच पुरवले. घरी पोचेपर्यंत तिच्या आठवणीत मात्र ते त्याच्या तोंडी गेलेले असतात.

बाई म्हणाली असती, "नाय महाराज, झाड नाय"? तर उत्तर तयार असतं: "आता नाय, पण आधी होता. तोडलात, तेचोच ह्यो त्रास." नकार दिला की तोच पुरावा होऊन बसतो. या संभाषणात बघणाऱ्याला चुकायला जागाच ठेवलेली नाही. असे दावे तपासणारी माणसं सगळ्यात आधी हेच पाहतात. दावा फसू शकेल अशी एखादी तरी जागा त्यात आहे का? नसेल, तर तो खरा ठरला याला काही किंमत उरत नाही.

या फसगतीचं बाईच्या शिक्षणाशी काही देणंघेणं नाही. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला स्वतंत्र अहवाल दिला. 'हे वर्णन तुम्हाला किती जुळतं, पाचपैकी गुण द्या.' सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो बाजारात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. हे सगळे कॉलेजात मानसशास्त्र शिकणारे विद्यार्थी. माणसाच्या मनाला जुळणी शोधायची सवयच आहे. दुःखात ती जास्त तीव्र होते, कारण तेव्हा कुणीतरी आपल्याला ओळखावं अशी आस लागलेली असते. ज्या बाईचा नवरा अंथरुणावर आहे तिला 'तू कशी फसलीस' म्हणून हसणारा माणूस मला त्या बघणाऱ्याइतकाच निर्दय वाटतो.

आणखी एक प्रकार यापेक्षा सरळ असतो, आधीच माहिती काढून ठेवायची. पॉपॉफला त्यासाठी चिठ्ठ्या आणि रेडिओ लागला. आपल्या गावांत तेवढी यातायात लागत नाही. रिक्षावाल्याने वाटेत विचारपूस केलेली असते. पडवीत नंबर लावून बसलेल्या बायकांत एखादी घरचीच असते, ती आपलं दुःख सांगते आणि तुमचं काढून घेते. हल्ली तर आजारपण, बारसं, नवं घर सगळं फेसबुकवर फोटोसकट असतं. अशा वेळी तपासणारा माणूस विचारतो की तुमचं नाव, गाव काहीही माहीत नसताना, दुसऱ्याच गावात, तुम्ही तोंडातून शब्द न काढता हे सांगता येईल का?

गाऱ्हाण्याबद्दलही एक सांगायला हवं. ग्रामदेवतेपुढे सगळ्या गावाने मिळून घातलेलं गाऱ्हाणं ऐकताना मलाही भरून येतं. मुंबईला असलेल्यांची नावं घेतली जातात, गुराढोरांची राखण मागितली जाते. त्यात कुणी कुणाला लुबाडत नाही. मला आक्षेप आहे तो एकाच गोष्टीवर. कुणीतरी स्वतःच्या अंगात शक्ती असल्याचं सांगतो, त्या बळावर पैसे, कोंबडं, जमीन किंवा बाईचं शरीर मागतो आणि डॉक्टरकडे जायला अडवतो.

नारळ, लिंबू आणि हाताची सफाई

वस्तूंचे चमत्कार समजावायला जास्त वेळ लागत नाही. नारळ फोडला आणि आतून केस, कुंकू, काळा दोरा निघाला, म्हणजे करणी सापडली. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यांतला एक मऊ असतो हे आपल्या घरातल्या पोरालाही माहीत असतं. त्याच डोळ्यातून वस्तू आत सरकवायची आणि वर शेंडी नीट बसवायची. लिंबू कापल्यावर 'रक्त' येतं ते सुरीला आधीच लावलेल्या मिथाइल ऑरेंज या रंगद्रव्यामुळे. आम्ल लागलं की ते लाल होतं आणि लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी असतो. पाणी शिंपडल्यावर नारळ पेटतो तो शेंडीत दडवलेल्या सोडियमच्या तुकड्यामुळे. पाणी लागताच सोडियम भडकतो. हा प्रयोग कुणीही घरी करू नये, डोळे जातात.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवत आले आहेत. तेव्हा ते मुलांना एक गोष्ट हमखास सांगतात: नारळ आणि लिंबू तुम्ही आणा, सुरी तुमच्या घरची द्या, मग बघा. साहित्य कुणाचं आणि जागा कुणी ठरवली, यावर सगळं अवलंबून असतं.

मोठमोठे शास्त्रज्ञ इथेच अडकलेले आहेत. १९७९ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय शक्तींच्या अभ्यासाला पाच लाख डॉलरची देणगी मिळाली आणि प्रयोगशाळा उभी राहिली. मनाच्या ताकदीने चमचे वाकवण्याचा दावा करणारी दोन तरुण मुलं तिथे आली, स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स. दोघेही हौशी जादूगार होते आणि त्यांना पाठवलं होतं रँडीने. फसवणूक कशी टाळायची याच्या सूचना रँडीने प्रयोगशाळेला पत्राने आधीच कळवल्या होत्या. मुलांना त्याने बजावलं होतं की 'तुम्ही हातचलाखी करता का' असं कुणी सरळ विचारलं तर लगेच खरं सांगायचं. कुणी विचारलंच नाही. मुलं रुसली की अटी सैल होत, एका वेळी टेबलावर बऱ्याच वस्तू असत, वस्तूंवरच्या खुणेच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होई. १९८३ साली रँडीने सगळं जाहीर केलं. त्या शास्त्रज्ञांना मी मूर्ख म्हणणार नाही. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्याला निसर्ग मुद्दाम फसवत नाही, त्यामुळे समोरचा फसवेल असा संशय घ्यायची त्यांना सवयच नव्हती. जादूगाराला मात्र ती असते.

जिथे लबाडी नसते

थरारपटात एक तरी लबाड लागतो, नाहीतर पकडायचं कुणाला? प्रत्यक्षात मात्र अवघड जागा वेगळी असते. दावा करणारा मनापासून खरं बोलत असतो.

कोकणातला पाणाड्या घ्या. पाऊस आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन रांगा लागतात, कारण जांभ्याच्या दगडातून पाणी झिरपतं आणि उतारावरून समुद्राकडे निघून जातं. विहीर किंवा बोअर मारायची म्हणजे लाखाचा खेळ. मग पाणाड्या येतो, तळहातावर आडवा नारळ ठेवून जमिनीवरून फिरतो, एका जागी नारळ उभा राहतो. 'इथे मारा.' बहुतेक पाणाडे गरीब, सज्जन माणसं असतात आणि नारळ आपोआप उठतो असं त्यांना खरोखर जाणवतं.

ही जाणीव कुठून येते याचा शोध १८५३ सालीच लागलेला आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये लोक टेबलाभोवती हात ठेवून बसत आणि टेबल 'आत्म्याच्या जोरावर' फिरे. विजेवरच्या संशोधनासाठी ओळखला जाणारा मायकेल फॅरेडे याने हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकणारे थर बसवले आणि आधी काय हलतं ते पाहिलं. आधी हलत होते हात. बसलेल्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मनात अपेक्षा असली की स्नायू अगदी बारीक हालचाल करतात आणि ती आपण केली हे आपल्याला कळत नाही. तळहातावरचा नारळ तोल साधून असतो. त्याला उठायला तेवढं पुरतं.

'पण पाणी लागतं ना,' असं लोक म्हणतात. लागतं. पुरेसं खोल गेलं की बऱ्याच ठिकाणी लागतं. प्रश्न असा आहे की पाणाड्याने नाकारलेल्या जागी खणलं असतं तर? ते कुणी खणत नाही. आणि पाणी नाही लागलं तर? 'आणखी दहा फूट जा, खालून झरा आहे.' इथेही दाव्याला फसायला जागा नाही.

ती जागा तयार कशी करायची, ते १९९० साली जर्मनीतल्या कासेलमध्ये दिसलं. जमिनीखाली ५० सेंटिमीटरवर पाण्याचा पाइप पुरला. पाणी वाहतं आहे की बंद आहे, हे प्रत्येक वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबाने ठरायचं. ३० पाणाडे आले. अटी आधी त्यांना दाखवल्या आणि त्यांनी त्या मान्य केल्या. नंतर उत्तरं मोजली, तर ती नुसत्या अंदाजाने आली असती तेवढीच बरोबर निघाली. निकालापेक्षाही मला यातली सभ्यता जास्त भावते. कुणाचा अपमान नाही, कुणाला उघडं पाडणं नाही. काय झालं तर दावा खरा आणि काय झालं तर खोटा, हे दोन्ही बाजूंनी आधी बसून ठरवलं.

महाडचा डॉक्टर

या सगळ्या कामाचं सर्वांत मोठं उदाहरण मला सेंट लुइस किंवा कासेलमध्ये सापडत नाही. ते रायगड जिल्ह्यातल्या महाडला आहे.

लाल विंचू चावला की कोकणात पूर्वी भगताकडे नेत. भगत मंत्र म्हणून विष 'उतरवायचा' आणि बहुतेक माणसं बरी व्हायची. या अनुभवात खोटं काही नव्हतं. बहुतेक विंचूदंशांत नुसत्या जीवघेण्या वेदना होतात आणि एक-दोन दिवसांत त्या ओसरतात. मंत्र म्हटला तरी ओसरतात, नाही म्हटला तरी ओसरतात. थोड्या रुग्णांत मात्र, विशेषतः मुलांत, विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि रुग्ण दगावतो. ते मूल गेलं की म्हणायचे, 'उशीर झाला' किंवा 'आयुष्य तेवढंच होतं'. बरा झालेला रुग्ण भगताच्या खात्यावर, गेलेला नशिबाच्या खात्यावर. अशा हिशेबात कुठलाही उपचार यशस्वीच ठरतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा ते विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून रात्रंदिवस नोंदी करत. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी फुटला, कोण वाचलं, कोण गेलं, सगळं. गेलेल्यांची नोंद त्यांनी टाळली नाही. त्या नोंदींतून १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला आणि १९८६ साली प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीच्या उपयोगाबद्दल दुसरा. प्राझोसिनच्या आधी गंभीर रुग्णांत शेकडा ३० ते ४०पर्यंत मृत्यू नोंदले गेले होते. ते प्रमाण पुढे शेकडा १च्या आसपास आलं. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. भगताला खोटं ठरवायला ते निघाले नव्हते. भगत ज्यांचा हिशेब ठेवत नव्हता त्या माणसांचाही त्यांनी हिशेब ठेवला आणि त्यातून कोकणातली असंख्य मुलं वाचली. यावर कुणी थरारपट काढला तर मी पहिल्या दिवशी जाईन.

सापाचंही तसंच आहे. रत्नागिरीच्या कातळावर फुरशांचा सुळसुळाट. फुरसं चावलं की माणूस लगेच कोसळतो असं नाही. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि रक्तस्राव काही तासांनी, कधी दिवसांनी जोर धरतो. मधल्या वेळात रुग्ण बसून बोलत असतो. भगताचा मंत्र 'लागू' पडल्यासारखा वाटतो आणि प्रतिविष देण्याची मोलाची वेळ निघून जाते. शिवाय कित्येकदा चावलेला साप बिनविषारी असतो किंवा विषारी सापाने चावताना विषच सोडलेलं नसतं. ती सगळी माणसं भगताचं नाव गावभर करतात.

म्हणूनच महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला आहे. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा अजामीनपात्र आणि दखलपात्र आहे; दखलपात्र म्हणजे पोलिसांना तक्रार घेऊन स्वतः तपास सुरू करता येतो. पूजाअर्चा, वारी, यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना कायदा हात लावत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. 'देवधर्म बंद करणारा कायदा' असा प्रचार आजही कानावर येतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

घरात कुणी बघणाऱ्याच्या नादी लागलंच तर वाद घालून फारसं काही साधत नाही. त्यापेक्षा तो काय सांगणार, कधीपर्यंत गुण येणार, नाही आला तर काय, हे त्याच्याकडून आधी वदवून घेऊन तारखेसकट वहीत लिहून ठेवा. गोळ्या-इंजेक्शनं मात्र एक दिवसही थांबवू देऊ नका. साप किंवा विंचू चावला तर ज्या हातापायाला चावलंय तो हलवू नका, घट्ट आवळून बांधू नका, कापून रक्त काढू नका, १०८ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी घेऊन जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. म्हाताऱ्या माणसांनी भगताचा हट्ट धरला तर त्यालाही गाडीत बसवून घ्या. मंत्र त्याला वाटेत म्हणता येईल.